शिबिराआधी एकदा बांध चालून या: खारेपाटातल्या गावात नेतृत्व कसं उभं राहतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. तुम्ही पिंपरीत नोकरी करता, गाव अलिबाग-पेणच्या मधल्या खारेपाटात, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेल्या शेतीच्या पट्ट्यात. गेल्या काही वर्षांत उधाणाचं पाणी बांधावरून आत येतंय, दोनदा मोठी खांड गेली (बांध फुटून भगदाड पडलं) आणि निम्मं भातशेत पडीक आहे. पुण्यात असलेले गावचे अठराजण एकत्र आलात, तीन लाख रुपये जमवलेत, आणि मुळशीकडे एका ठिकाणी गावातल्या वीस तरुणांचं पाच दिवसांचं निवासी नेतृत्व शिबिर घ्यायचं म्हणताय. समुद्राची पातळी वाढतेय, तिला तोंड देणारी माणसं गावातच तयार व्हावीत, हा हेतू. अभ्यासक्रम, वक्ते आणि मुलं निवडायचा निकष, एवढं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी लिहिलंय, ‘गावात मात्र कुणाला रस नाही.’

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे, म्हणून तिथून सुरुवात करते. मी पुण्यात राहते. तेवीस वर्षं गावपातळीवर पाण्याचं काम करतेय, आधी पुरंदरच्या दुष्काळी भागात आणि नंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर. किनाऱ्यावर माझं पहिलं काम नेमकं तुमच्या बेतासारखं होतं. पुण्यातल्या एका सभागृहात चाळीस मुलांचं तीन दिवसांचं शिबिर घेतलं. नकाशे, चित्रफिती, गटचर्चा, सगळं होतं. मुलं हुशार होती, मनापासून बोलली. दीड वर्षानं त्या गावांत गेले, तेव्हा चाळिसातली एकतीस नोकरीसाठी बाहेर पडली होती. जी गावात होती त्यांना ग्रामसभेत कुणी बोलू देत नव्हतं. एका मुलानं मला सांगितलं, ‘ताई, तुम्ही आम्हाला पुढारी केलंत, पण पुढारपण करायला हातात काहीच दिलं नाहीत.’ त्या वाक्यानं माझी कामाची पद्धत बदलली. आता मी आधी काम शोधते, त्या कामात निर्णय कुठे अडलाय ते बघते, आणि तो निर्णय घ्यायला जी माणसं पुढे येतात त्यांच्याबरोबर शिकायला बसते.

लोकांना रस नाही असं तुम्ही म्हणता. ज्याचं शेत खारं झालंय त्याला रस नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. पाणी कधी येतं, कुठून येतं, कुणाच्या घरात गुडघाभर झालं होतं, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला कंटाळा आलाय तो सभांचा आणि निवेदनांचा. तुमच्याच पट्ट्यात चरीचा शेतकरी संप झाला. १९३३ ते १९३९, जवळपास सहा वर्षं, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. घरात दाणा नसताना माणसं मागे हटली नाहीत. त्यांच्या नातवंडांना गावाची पर्वा नाही असं समजून शिबिर आखलंत, तर ते मुळातच चुकेल.

आता समुद्राबद्दल. गावात बोलण्याआधी तुम्ही स्वतः दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. शेतात पाणी येतंय त्यातलं किती समुद्र वाढल्यामुळे आणि किती बांधाची डागडुजी न झाल्यामुळे? आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगभरातली सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली. वेगही वाढतोय. १९०१ ते १९७१ मध्ये वर्षाला १.३ मिलिमीटर होता, तो २००६ ते २०१८ मध्ये ३.७ मिलिमीटर झाला. या शतकाच्या अखेरीस वाढ किती असेल, तर उत्सर्जन खूप कमी झालं तर २८ ते ५५ सेंटिमीटर, आणि वाढतच राहिलं तर ६३ सेंटिमीटर ते साधारण एक मीटर. हे जागतिक सरासरीचे आकडे आहेत. प्रत्येक किनाऱ्यावर ते थोडे वेगळे पडतात.

वर्षाला पावणेचार मिलिमीटर ऐकून शेतकरी म्हणेल, एवढ्यानं काय होतंय? त्याला उघाडीचं गणित सांगा, लगेच कळेल. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं तोंड. तिचं दार ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती लागली की खाडीच्या पाण्याच्या दाबानं दार बंद होतं. म्हणजे निचऱ्याला दिवसातून दोनदा ठरावीक तासच मिळतात. खाडीची पातळी वितभर वर आली, तर दार उशिरा उघडतं आणि लवकर मिटतं. बांध शाबूत असला तरी आतलं पाणी पूर्वीइतकं निघत नाही आणि भात कुजतं. शिवाय जमिनीत वर आलेलं मीठ जूनच्या पहिल्या पावसानं धुऊन बाहेर जायला हवं असतं. तेही आतच राहतं. गावात अनेकजण म्हणतात, ‘बांध फुटला नाही तरी शेत बिघडलं.’ ते असं होतं. म्हणून फक्त बांध उंच करा ही मागणी अपुरी आहे. उघाड्यांची संख्या, त्यांच्या तळाची पातळी आणि साचलेला गाळ, हेही मागणीत यायला हवं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उंदीर-खेकड्यांनी बांध पोखरला, उघाडीची फळी कुजली, दोन पावसाळे कुणी मातीची पाटी टाकली नाही, आणि मग खांड गेली, असं मी अनेक गावांत पाहिलंय. जुन्या शिलोत्री बांधांची निगा शेतकरी स्वतः राखत. पुढे खारभूमी विकासाचं काम सरकारकडे आलं, १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा झाला. मोठी कामं सरकारी पैशानं झाली ते चांगलंच, पण माझ्या पाहण्यातल्या गावांत ‘बांध सरकारचा’ ही भावना घट्ट झाली आणि वेळच्या वेळी माती घालायची सवय गेली. सगळा दोष समुद्रावर टाकलात, तर जाब कुणालाच विचारता येणार नाही. सगळा सरकारच्या खारभूमी खात्यावर टाकलात, तर वीस वर्षांत तोकडा पडेल असा बांध तुम्ही मागून घ्याल. दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून बोलू शकणारी पाच-सहा माणसं गावात असणं, माझ्या लेखी नेतृत्व म्हणजे एवढंच.

ती माणसं कशी सापडतात, हे एका गावाच्या अनुभवावरून सांगते. गावाचं नाव नको. तुमच्यासारखंच खाडीच्या आतल्या अंगाला आहे. आम्ही तिथे कुठलंही शिबिर जाहीर केलं नाही. भाद्रपद पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या दिवशी, भरतीच्या वेळी बांधावर चालायला या, एवढा निरोप चार आळ्यांत दिला. नऊजण आले. त्यांत सत्तरीचे एक आजोबा होते, ज्यांनी तरुणपणी उघाडी राखली होती. उघाडीपाशी आल्यावर ते वाकले, फळीला तळहात टेकला आणि गप्प उभे राहिले. मग म्हणाले, ‘खालची फळी हलतंय. पाणी खालून येतंय, वरून नाय.’ आम्ही सगळे वरून येणारं पाणी मोजत होतो. बॅटरी खाली धरली तर फळीखालून बोटभर धार आत येत होती, आणि त्या धारेच्या तोंडाशी माती पार खरवडली होती.

त्याच फेरीत बचत गटातली एक बाई होती, आठवीपर्यंत शिकलेली. नवऱ्याबरोबर चिंबोऱ्या (खेकडे) धरायला जायची, त्यामुळे तिला भरतीचा हिशेब पक्का. तिथीची पाऊणपट केली की भरती भरण्याची वेळ येते हे तुम्हाला घरातून माहीत असेलच. अष्टमीला साधारण सहा वाजता, अमावास्या-पुनवेला बाराच्या सुमारास, खाडीत आत थोडी उशिरा. तिला आम्ही एक शंभरपानी वही दिली. उघाडीच्या दगडी भिंतीवर रंगानं बोटा-बोटांवर खुणा केल्या. प्रत्येक उधाणाला ती जायची आणि लिहायची: तारीख, तिथी, वेळ, पाणी कितव्या खुणेला, वारा कुठला, पाऊस होता की नाही. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत काही नाही. महिन्यातून चार-पाच नोंदी, एवढंच काम. पहिल्या पानावर अक्षर थरथरतं आहे, शाईचे डाग आहेत. दहाव्या पानापासून तिनं स्वतःच एक रकाना वाढवला: ‘कोणाच्या शेतात शिरलं.’

चौदा महिन्यांनी ती वही घेऊन ती आणि चार शेतकरी खात्याच्या कार्यालयात गेले. मी मुद्दाम गेले नाही. आधीची तीन निवेदनं तिथे धूळ खात होती. अभियंत्यानं वही पाऊण तास वाचली आणि पुढच्या उधाणाला स्वतः बांधावर आला. पाण्याची आपली नोंद गावाकडे असली की बोलणं बरोबरीच्या नात्यानं होतं. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद आहे म्हणून तिथल्या पाण्याबद्दल आपण आकड्यांत बोलू शकतो. तुमच्या खाडीची अशी नोंद तुम्ही नाही तर कोण ठेवणार?

आता तुमचा निवडीचा प्रश्न. अर्ज मागवू नका. अर्ज मागवलेत की पदवीधर, मोबाइलवर इंग्रजी फॉर्म भरता येणारी आणि लवकरच गाव सोडणारी मुलं येतील. ती वाईट नाहीत, पण ती तिथे नसतील. प्रत्येक आळीत जाऊन एकच विचारा: रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर आधी कुणाचं दार वाजवता? जी नावं तीन-चार घरांतून पुन्हा पुन्हा येतात, ती तुमची माणसं. बहुधा त्यांत पन्नाशीची बाई असेल, टेंपो चालवणारा एखादा असेल, आशाताई असतील. वयाची अट घालू नका. तरुण हवेतच, पण एका तरुणाबरोबर एक जाणतं माणूस अशा जोड्या लावा. मोबाइल, नकाशा, अर्ज हे एकानं शिकायचं आणि बांध, माती, तिथी हे दुसऱ्याकडून घ्यायचं.

दोन गट हमखास सुटतात, त्यांच्याकडे लक्ष द्या. एक, कातकरी कुटुंबं. बांधावरची मजुरी त्यांनी केलेली असते, मासे-खेकड्यांवर त्यांचं पोट असतं आणि घर बहुतेक वेळा सगळ्यात सखल जागी असतं. पण जमीन नावावर नाही म्हणून सभेत बोलावणं नसतं. दुसरा गट बायकांचा. बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर तिथे गावोगावच्या स्वयंसेवकांची चक्रीवादळ पूर्वतयारी योजना उभी राहिली. आज तिच्यात पंचाहत्तर हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया. प्रत्येक गटात कुणी निशाण चढवायचं, कुणी भोंग्यावरून सांगत फिरायचं, कुणी निवाऱ्यात न्यायचं, कुणी प्रथमोपचार करायचे, हे आधी ठरलेलं असतं. घरातल्या बाईला दुसऱ्या बाईनं येऊन सांगितलं तर ती लेकरं घेऊन लवकर बाहेर पडते. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवर आलं, वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. मी नंतर ज्या वाड्यांत गेले तिथे बायकांनी सांगितलं की निरोप पुरुषांच्या व्हॉट्सॲपवर फिरत होता आणि त्या गोठ्यातली गुरं सोडत होत्या. हे काम वाटून देणं शिबिरात शिकवून होत नाही. पावसाळ्याआधी दोनदा रंगीत तालीम करावी लागते, आणि तिसऱ्या वर्षीही करावी लागते.

शिकवायचंच नाही का मग? शिकवायचं, पण गावात प्रश्न निघाल्यावर. कुणी म्हणालं, खाऱ्या जमिनीत काय पेरावं, तर त्या चौघांना घेऊन पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात जा. तुमच्या गावापासून ते लांब नाही. तिथून निघालेल्या ‘पनवेल १’, ‘२’, ‘३’ या क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती आहेत, आणि तुमच्या आजोबांच्या वेळचा राता भातही त्याच गुणाचा. रहू (मोड आलेलं बियाणं) टाकून पेरणी केव्हा करायची, पहिल्या पावसाचं पाणी किती दिवस धुवू द्यायचं, हे तिथले लोक शेतात उभं राहून सांगतात. कुणी म्हणालं, हा पाऊस असा का पडतोय, तर त्यांना पुण्याला आणा. पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्था आहे, शिवाजीनगरला हवामान खात्याचं सिमला ऑफिस आहे. आपण त्या रस्त्यानं रोज जातो आणि आत हिंद महासागराचा अभ्यास चाललाय हे विसरतो. आधी रीतसर विचारून वेळ घ्या आणि गावाचे प्रश्न कागदावर लिहून न्या.

आणि एक दिवस पुरंदरला, नायगावला जा. तिथे खाडी नाही, पाणीच नव्हतं. पण ठरवणं कसं असतं ते तिथे शिकायला मिळतं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्यातले अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन घेऊन काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम बघा: पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चातला वीस टक्के वाटा सभासदांचा. यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी पोटावर येणारा आहे, तरी लोकांनी एकत्र बसून तो मान्य केला. खारेपाटात असाच प्रश्न उघाडीपाशी येतो. खालच्या शेतवाल्याला दार लवकर उघडायला हवं असतं, आत जिताडा माशांचं तळं असलेल्याला पाणी थोडं राखायचं असतं. पूर्वी ते उघाडीवाला ठरवायचा. आज कोण ठरवतं? तुमच्या गावात याचं उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर तुमच्या कार्यक्रमाचा पहिला विषय तोच.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते. तीन लाखांतला एकही रुपया रिसॉर्टवर घालू नका. नोंद ठेवणाऱ्या बाईला, बांधाची फेरी मारणाऱ्या दोघांना महिन्याचं मानधन द्या. थोडं का असेना, पण ठरल्या तारखेला. लोकांचं काम फुकट घ्यायचं आणि वक्त्याला पाकीट द्यायचं, हे मला आजवर कधीच बरं वाटलेलं नाही. एक भाग पावसाळ्यातल्या तातडीच्या दुरुस्तीसाठी गावातल्या बँक खात्यात ठेवा, सही दोघांची, त्यातली एक बाईची, आणि हिशेब दर महिन्याला देवळाच्या फळ्यावर. खांड पहिल्या दिवशी दोन हातांची असते. तेव्हा वीस पोती माती आणि दहा माणसं पुरतात. मंजुरीची वाट बघत दोन उधाणं गेली की पोकलेनही पुरत नाही. बांधाला हात लावण्याआधी खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. उरलेले पैसे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी जपून ठेवा. पहिल्या वर्षी तुमच्यातल्या सगळ्यांना उत्साह असतो. कार्यक्रम टिकतो की मोडतो ते दुसऱ्या पावसाळ्यात ठरतं.

पुण्यातल्या तुम्हा अठराजणांची जागा कुठे? मागे. हे ऐकायला जड जाईल, पण मनापासून सांगते. चाकरमानी गणपतीला आले, सभा घेतली, ठराव केले आणि अनंत चतुर्दशीनंतर गाडीत बसले, असं व्हायला लागलं की गावातली माणसं मान डोलावतात आणि वाट बघतात तुम्ही जाण्याची. तुम्ही करू शकाल असं बरंच आहे. सातबारे, जुने नकाशे काढणं, माहिती अधिकाराचे अर्ज, वहीतल्या नोंदी संगणकावर चढवून आलेख काढून परत गावात पाठवणं, समुद्राच्या उंच लाटांचे जे इशारे हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून येतात ते साध्या मराठीत पोचवणं. ग्रामसभेत मात्र गावात राहणाऱ्यानंच बोलायचं. बांधाचा विषय ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आला पाहिजे, आणि तो तुमच्या पत्रानं येणार नाही. गावातल्यांनी सभेत मांडून, इतिवृत्तात लिहून घेतला तरच येईल.

काही गोष्टी तुमच्या गावच्या परिस्थितीवर ठरतील. बांध खात्याच्या योजनेत आहे की खासगी? खासगी असेल तर आधी तो योजनेत घेण्याचा पाठपुरावा. जमिनी अजून गावकऱ्यांच्याच नावावर आहेत की निम्म्या विकल्या गेल्यात? बाहेरच्या मालकाला भात पिकवायचं नसेल, तर त्याला बांधाची ओढ नसते आणि गावाचं एकमत होत नाही. अशा गावात मला दोनदा काम थांबवावं लागलंय. आणि गाव खाडीवर आहे की खुल्या समुद्रावर? देवबाग किंवा मिऱ्या इथला धुपीचा प्रश्न वेगळा, तिथे वर सांगितलेलं उघाडीचं गणित लागू होत नाही.

सगळ्यात नाजूक विषय कांदळवनाचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा. खांड बुजली नाही आणि शेतात चार-पाच वर्षं खारं पाणी फिरलं की तिथे कांदळं उगवतात. मग शेतकरी म्हणतो माझा सातबारा, आणि कायदा म्हणतो तोडता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर राज्यभर कांदळवन तोडीवर बंदी आहे, खासगी जमिनीवरही. शेतकऱ्याचं दुःख खरं आहे. लाटेचा जोर मोडून बांध वाचवणारी ती झाडंच आहेत, हेही खरं आहे. यावर भाषण देऊन उपयोग होत नाही. बांधाबाहेरचा पट्टा कांदळांना, आतला भाताला, आणि आधीच गेलेल्या जमिनीवर खेकडापालनासारखं काही करता येईल का, हे जमीनमालकांबरोबर गट नंबर घेऊन एकेक बघावं लागतं. वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या उपजीविकेच्या योजना आहेत. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात आणि त्यावर कमावतात. चार बायका घेऊन तिथे एकदा जाऊन या.

याच्या पुढचा एक प्रश्न आहे. तो मी पहिल्या वर्षी काढत नाही, पण मनात ठेवते. हा बांध किती वर्षं लढवायचा, आणि एखादा पट्टा सोडायची वेळ आली तर कुणी सांगायचं? पापुआ न्यू गिनीतल्या कार्टरेट बेटांवर वडीलधाऱ्यांच्या मंडळानं सरकारची वाट बघणं सोडलं आणि २००६ मध्ये स्वतःची संस्था काढली, ‘तुलेले पेइसा’. नावाचा अर्थ, लाटांवरून आपलं आपण जाणं. उर्सुला राकोवा या तिथल्याच बाईंनी ती चालवली. चर्चनं दिलेल्या जमिनीवर बोगनव्हिलमध्ये काही कुटुंबं वसवली, तिथे आधी बागा लावल्या, यजमान गावाशी नातं जोडलं. काम फार हळू झालं, पण कोण जाणार आणि कोण राहणार हे त्यांनी स्वतः ठरवलं. तुमच्या गावावर ती वेळ आली आहे असं मी म्हणत नाही. उद्या बांध दोनशे फूट आत घ्यायचा ठरला आणि सहा घरांची जमीन बाहेर गेली, तर त्या सहा घरांना काय द्यायचं, हे गावानं बसून ठरवता यावं. तोवर वहीची, खात्याची, उघाडीच्या भांडणांची चार-पाच वर्षं पाठीशी हवीत. मग असा विषय निघाला तरी माणसं उठून जात नाहीत.

तेव्हा आत्ता काय करायचं, तर मुळशीचं बुकिंग रद्द करा. कोजागरीच्या आसपास गावात चार दिवस राहायला जा, सभा न लावता. उधाणाच्या भरतीला बांध चालून या, जुना उघाडीवाला शोधा, दार वाजवण्याचा प्रश्न प्रत्येक आळीत विचारा, एक वही आणि रंगाचा डबा घेऊन जा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत एवढंच. शिबिर घ्यायचंच असेल तर तेव्हा घ्या, गावच्या शाळेत, आणि वही लिहिणाऱ्या बाईला पहिलं बोलू द्या.

मला वक्ता म्हणून बोलावलंत, त्याबद्दल आभार. हॉलमध्ये बोलायला येणार नाही, पण बांधावर नक्की येईन. पौर्णिमेनंतरचा दिवस ठरवा आणि भरतीची वेळ कळवा, मी खोपोलीमार्गे आदल्या संध्याकाळी पोचते. उघाडीवर रात्री उतरायचं असेल तर एक जाड दोर आणि दोन चांगल्या बॅटऱ्या लागतील, त्यांची सोय करून ठेवा. तुमच्या गावचा जुना उघाडीवाला चालू शकत नसेल तर खुर्चीवर बसवून त्याला न्यायला चार मुलं लागतील. तेही आधीच सांगून ठेवा.